आतड्याची साक्ष

माणसानं आयुष्यात एकदा तरी विज्ञानाच्या उपयोगी पडावं, असं माझं मत कधीच नव्हतं. विज्ञानानं आपलं काम करावं, मी माझं करावं, आणि दोघांनी एकमेकांच्या वाटेला जाऊ नये, इतकं साधं माझं धोरण. पण आमच्या सुनेला एक आतडं कमी पडलं आणि सगळा घोटाळा झाला.

तिचं स्वतःचं आतडं व्यवस्थित आहे, तसंच राहो. तिला हवं होतं दुसऱ्या कुणाचं तरी, वय झालेल्या पण बाकी धडधाकट माणसाचं. आमचा मुलगा बोटीवर नोकरीला असतो आणि वर्षातला बराच काळ समुद्रात काढतो. त्यामुळे घरात आम्ही तिघंच: मी, आमची ही आणि सून. सून सकाळी भरलेला डबा घेऊन प्रयोगशाळेत जाते आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन घरी येते. मधल्या वेळात ती काय करते हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, हीच भीती होती.

एका संध्याकाळी डबा तसाच भरलेला परत आला. पोरीचा चेहरा उतरलेला.

"काय झालं गं?" हिनं विचारलं.

"शेवटचा माणूस पळाला, आई. नळी बघितली आणि गाडी चुकीच्या जागी लावलीय म्हणून जो बाहेर गेला तो परत आलाच नाही."

"पण तो करणार काय होता?"

"काही नाही. नुसता उपाशी राहणार होता."

मग जेवता जेवता तिनं सगळं समजावून सांगितलं. आपण खातो ते आतडं सगळ्या अंगाला पोचवतं. पण या कामाला आतड्याच्या पेशींनाही इंधन लागतं, आणि ते थोडंथोडकं नव्हे. आलेल्या अन्नातलंच काही त्या स्वतःसाठी ठेवून घेतात. आता वरून अन्न आलंच नाही तर त्या काय जाळतात, हे तिला बघायचं होतं. "प्रत्येक पेशीत अगदी बारीक बारीक भट्ट्या असतात, असं समजा," ती म्हणाली.

भट्टी म्हटल्यावर मी मान वर केली. मी बिस्किटांच्या कारखान्यात गुणवत्ता निरीक्षक आहे. भट्टी हा माझा प्रांत. मी विचारलं, "गॅसच्या की विजेच्या?"

ही हसली. सून हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, अगदी हाच माझा प्रश्न आहे! भट्टी तीच, पण उपाशीपोटी इंधन बदलतं का? साखर सोडून चरबी जाळतात का? बदलत असेल तर केव्हा आणि किती?"

माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी "अगदी हाच प्रश्न" असं म्हटलं नव्हतं. नोकरीत नाही आणि घरात तर नाहीच नाही. त्या भरात मी बोलून गेलो, "मग मी राहतो की उपाशी. त्यात काय एवढं?"

त्यात काय होतं ते मला नंतर कळलं. दोन वेळा तोंडातून नळी घालून, म्हणजे दुर्बिणीनं, आतड्याचा तांदळाएवढा तुकडा काढायचा होता. पहिल्यांदा आदल्या रात्री नेहमीसारखं जेवून, आणि दुसऱ्यांदा आदला अख्खा दिवस पोटात अन्नाचा कण न घालता. तो तुकडा जिवंत असतानाच यंत्रात ठेवायचा आणि तो प्राणवायू किती ओढतो ते मोजायचं, त्यावरून भट्टीत काय जळतंय ते समजतं म्हणे. मला नळी या शब्दानंतरचं फारसं ऐकू आलं नाही. पण एक गोष्ट मात्र ऐकू आली. प्रयोगशाळेचे सर म्हणाले होते, ही शेवटची जोडी नीट जमली नाही तर तुझं टेबल आणि तुझं काम दुसऱ्याकडे देऊ. हे ऐकल्यावर माघार कशी घेणार?

घोडं अडलं ते नीतिसमितीच्या सचिवांपाशी. प्रयोगात माणसं वापरायची तर अशी एक समिती परवानगी देते. सचिव म्हणजे खुर्चीला कोट घालून बसवल्यासारखा गृहस्थ. ते म्हणाले, "नात्यातला माणूस चालणार नाही."

"मी तिच्या रक्ताच्या नात्यातला नाही. सासरा आहे," मी म्हणालो.

"पण घरातले आहात."

"माणूस घरातला असला तरी आतडं माझं स्वतःचं आहे. त्याचं हिच्याशी काही नातं नाही."

यावर त्यांनी नियमांची वही दोनदा चाळली. शेवटी ठरलं असं की माझ्या तुकड्यांचे सुनेनं काढलेले आकडे सर स्वतः पुन्हा तपासतील आणि माझ्याबरोबर घरातल्या कुणा समजूतदार व्यक्तीनं संमती द्यावी. समजूतदार म्हणून मी हिला घेऊन गेलो. सचिवांनी तिला अर्धा तास धोके समजावले आणि काही शंका आहे का विचारलं.

"एकच," ही म्हणाली. "ती दुर्बीण नंतर बाहेर काढतात ना?"

सचिवांनी मान डोलावली. हिनं सही केली. नवरा गेला तरी चालेल पण संस्थेची वस्तू आत राहायला नको, असा काहीसा भाव तिच्या चेहऱ्यावर होता.

पहिली नळी मी गिळली. तिचं वर्णन करत नाही, तुम्हीही माणसं आहात. एवढंच सांगतो की डॉक्टर सारखे "छान, छान" म्हणत होते आणि मला त्यात छान असं काहीच सापडत नव्हतं.

पण खरा मान उपासाच्या दिवसाचा होता. मी उपाशी राहणार ही बातमी आमची ही जिना उतरून वर येईपर्यंत सगळ्या इमारतीत झाली. समोरच्या दाराचे निवृत्त पोस्टमास्तर तातडीनं सल्ला द्यायला आले. त्यांच्या मते शरीर म्हणजे टपाल कचेरी.

"आतडं म्हणजे छाननीची खोली," ते म्हणाले. "आता मला सांगा, पिशव्या आल्याच नाहीत तर छाननीतला कारकून काय करतो?"

"काय करतो?"

"झोपतो! तुमचं आतडं झोपणार. आणि झोपलेल्याला दुर्बिणीनं डिवचणं बरं नव्हे. जागं ठेवा त्याला. चाला. गार पाण्यानं तोंड धुवा."

मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "झोपत नाही बाबा. उलट आलेलं नसलं तरी घरातलं काढून जाळतं, असं मला वाटतंय. पण वाटून उपयोग नाही, मोजायला हवं." मी हे पोस्टमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "घरातलं काढून? म्हणजे कारकून कपाटातली जुनी पत्रं वाटायला घेणार?"  

तो दिवस उजाडला. माझ्यासमोर फोडणीचा वास नको म्हणून ही सकाळीच बहिणीकडे गेली. मी तांब्याभर पाणी प्यालो, चहासुद्धा नाकारला आणि ताठ मानेनं कारखान्यात गेलो. नेहमीची कामं केली. सकाळची खेप तपासली. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मुद्दाम सर्वांना दिसेल असा बसलो. दुपारी क्रीमच्या बिस्किटांची नवी खेप आली, तीही तपासली. कामात कसूर नाही.

भट्टीवाला, जो वीस माणसांत फक्त माझंच ऐकतो, तो संध्याकाळी मला म्हणाला, "साहेब, सकाळपासून जेवला नाहीत, पण तोंडावर थकवा म्हणून नाही!"

मलाही त्याचंच नवल वाटत होतं. भूक म्हणाल तर नावाला. लोक उगाच बाऊ करतात, मनाचा निग्रह असला की पोट गप्प बसतं, असा एक छोटासा उपदेश मी भट्टीवाल्याला केला. घरी येऊन पोस्टमास्तरांनाही केला. मग ही बहिणीकडून परतली तेव्हा तिलाही केला. रात्री नुसतं पाणी पिऊन झोपलो आणि सकाळी दुसरी नळी गिळली. या वेळी डॉक्टर "छान" म्हणाले तेव्हा मला ते पटलं.

त्यानंतर सून बोलेनाशी झाली. डबा भरलेला परत यायला लागला. शेवटी हिनं तिला बसवून घेतलं तेव्हा पोरीचा बांध फुटला.

"दोन्ही तुकडे सारखेच निघाले, आई. अगदी सारखे! बाकी सगळ्यांचे उपाशीपोटी बदलले, बाबांचाच नाही. सर म्हणतात, दुसऱ्या दिवशीच्या मोजणीच्या जागी मी पहिल्या दिवसाचीच मोजणी घातली. मी चुकून घातली किंवा..."

"किंवा काय?" मी विचारलं.

"किंवा मुद्दाम. मी पुन्हा पुन्हा आठवून बघते, बाबा. मी नीटच केलं होतं. पण आता माझा माझ्यावरच विश्वास उरला नाही."

माझं डोकंच फिरलं. आमची पोर, जी दुधाच्या पिशवीचं टोकसुद्धा मोजून कापते, ती चूक करेल? आणि वर लबाडी? मी उपाशी होतो याला अख्खा कारखाना साक्षीला होता! उरलं काय, तर माझं आतडंच जगावेगळं असलं पाहिजे. ही कल्पना मला सुचली ती आणि कुणाला सुचायच्या आत मी पोस्टमास्तरांना सांगितली. ते गंभीर झाले आणि म्हणाले, "मला तुमच्याबद्दल नेहमीच काहीतरी वाटायचं." त्यांचा हा शेरा मी चांगल्या अर्थानं घेतला.

दुसऱ्या दिवशी मी लग्नातला कोट चढवला आणि बोलावणं नसताना प्रयोगशाळेत गेलो. सरांच्या खोलीत सर होते, सचिव होते आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर सून बसली होती. मला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, तुम्ही कशाला..."

"तू गप्प बस," मी म्हणालो आणि सरांकडे वळलो. "साहेब, माझ्या सुनेवर आळ आला म्हणून आलोय. त्या दिवशी मी पोटात कण घातलेला नाही. शपथ घ्यायला तयार आहे. एक तर तुमच्या यंत्रात खोट असेल, नाहीतर माझं आतडं और असेल. पोरीचे हात मात्र स्वच्छ आहेत."

सर शांत होते. मला बसायला सांगून म्हणाले, "काका, त्या दिवशी सकाळपासून काय काय केलंत, जरा सविस्तर सांगाल?"

ही संधी मी सोडतो होय! उठल्यापासून सुरुवात केली. चहा कसा नाकारला, भिंतीकडे तोंड करून कसा बसलो, सगळं रंगवून सांगितलं.

"आणि काम?"

"काम नेहमीसारखंच. सकाळची खेप तपासली, दुपारची तपासली."

"तपासली म्हणजे काय करता?"

आता हा माझा प्रांत. मी खुर्ची पुढे ओढली. "साहेब, लोकांना वाटतं यात काय एवढं. आधी बिस्किटाची खालची बाजू बघायची, भाजणी कळते. मग कानाशी धरून मोडायचं, आवाज कोरडा यायला हवा. मग जिभेच्या टोकावर, मग दाढेखाली. चहा तपासणारे चूळ भरून थुंकतात, तसं आमच्यात चालत नाही. बिस्किटाची खरी परीक्षा घशात होते. खवखव राहते का, तुपकट थर राहतो का, ते गिळल्याशिवाय समजणार कसं?"

"गिळल्याशिवाय," सर म्हणाले.

"गिळावंच लागतं."

"किती गिळलीत त्या दिवशी?"

"भट्टीतून निघालेल्या दर तव्यामागं एक. त्या दिवशी क्रीमची नवी खेप होती, म्हणून जरा जास्तच. ओंजळ दोन ओंजळ धरा."

 सचिवांनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पण आपण तर म्हणालात, खाल्लं नाही?"

"खाल्लं नाहीच! खाईन कसा?" मला आता राग यायला लागला होता. "आमच्या तपासणीच्या खोलीत भिंतीवर एवढी मोठी पाटी आहे, 'या खोलीत खाण्यास सक्त मनाई आहे.' इतकी वर्षं मी त्या पाटीखाली बसतोय. एक घास खाल्ला असेल तर सांगा!"

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मग माझ्याच कानात शिरलं. मी थांबलो. मनातल्या मनात ते पुन्हा एकदा म्हणून बघितलं. मग कोटाच्या आत मला दरदरून घाम फुटला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर अख्खं आतडं दाखवून केलं होतं.

सरांनी दोन्ही आलेखांचे कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरले. "नमुने बरोबर आहेत," ते सचिवांना म्हणाले. "माणूस चुकीचा आहे."

मला सुनेकडे बघायची हिंमत होईना. तिनं मात्र मला विचारलं, "बाबा, शेवटचं बिस्किट कधी गिळलंत?"

"संध्याकाळी सुटायच्या भोंग्याआधी," मी जमिनीकडे बघत म्हणालो.

"क्रीमचं?"

"क्रीमचं."

तिनं ओढणीत तोंड लपवलं. तिचे खांदे गदगदायला लागले. मी घाबरून उठलो, "अगं रडू नको, माझंच चुकलं," असं म्हणायला गेलो, तर पोरगी हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला श्वास घेता येत नव्हता. सचिव तिला पाणी द्यायला उठले आणि ते पाणी मीच पिऊन टाकलं.

घरी हिला सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही तिथे बिस्किटं खाता? मला वाटायचं, पाकिटांवर शिक्के मारता." मग थोड्या वेळानं, "म्हणूनच संध्याकाळी माझ्या हातचं जेवण तुम्हाला जात नाही!" हा मुद्दा अजून मिटलेला नाही. पोस्टमास्तरांनी मात्र मनाचा मोठेपणा दाखवला. ते म्हणाले, "कारकुनानं टेबलाखालून पत्रं घेतली, एवढंच." आणि त्यांनी हे सगळ्या इमारतीला सांगितलं.

सरांनी आणखी एक संधी दिली. मी रजा घेतली. कारखान्याकडे फिरकलो नाही, घरातच पडून राहिलो, आणि त्या दिवशी मला कळलं की आपण आजवर उपाशी असे राहिलोच नव्हतो. लोक म्हणतात पोटात कावळे ओरडतात. माझ्या पोटात दुपारपासून आमच्या कारखान्याचा भोंगा वाजत होता. मला राग येत होता, रडू येत होतं, भिंतीचा रंगसुद्धा भाजल्यासारखा दिसत होता. निग्रहाबद्दलचा उपदेश मी ज्यांना ज्यांना केला होता त्यांची मनातल्या मनात माफी मागितली. ही दर थोड्या वेळानं येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघत होती. सकाळी नळी समोर आली तेव्हा मी ती जवळजवळ आनंदानं गिळली. निदान पोटात काहीतरी जात होतं.

काही दिवसांनी सुनेनं मला प्रयोगशाळेत नेलं. तिच्या टेबलाशी नेलं. ते तिच्याकडेच राहिलं होतं. पडद्यावर तीन रेघा होत्या. दोन एकीवर एक बसलेल्या आणि तिसरी वेगळ्या वाटेनं गेलेली.

"ही जेवणाची, ही बिस्किटांची," ती म्हणाली. "आणि ही तुमची. खरी उपाशी. बघा ना, इथून चरबी जाळायला घेतलीय. किती सुंदर आहे, बाबा!"

"कुणाची चरबी?"

"तुमचीच."

मी पोटावरून हात फिरवला. फरक काही वाटला नाही. ती भराभर बोलत होती, त्या पेशी भट्टीत हे घालतात, ते वाचवतात, अमुक रेणू, तमुक रेणू. मी "बरं, मग?" म्हणत होतो आणि ती पुढे सांगत होती. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण पोरगी इतकं कधी माझ्याशी बोलली नव्हती, म्हणून मी मध्ये बोललो नाही.

अचानक ती थांबली. रेघांकडेच बघत म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी आला नसतात ना, तर मी आयुष्यभर समजले असते की मीच चुकले. तुम्ही बोललात आणि मला माझे हात परत मिळाले."

या सगळ्या प्रकरणात मला नीट कळलेलं असं हे एकच वाक्य.